काटा डोळ्यांसमोर हवा

जुन्या धाटणीच्या जीपचा डॅशबोर्ड मांडताना काय बघावे?

कराडहून विट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागते. त्या रस्त्याला लागून एक गॅरेज आहे. वर पत्रा, दारात लिंबाचे झाड आणि झाडाखाली कायम दोन-तीन ट्रॅक्टर पोट उघडून उभे. आम्ही गेलो त्या दिवशी मात्र ट्रॅक्टरांच्या मधोमध एक जीप उभी होती. मळकट हिरवा लष्करी रंग, बुटके बॉनेट, पुढे पाडता येणारी काच आणि तोंडावरच्या जाळीला मोजून नऊ फटी. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप दिसे, तशी हुबेहूब. आत डोकावलो, तर डॅशबोर्डच्या जागी तपकिरी पुठ्ठा चिकटवलेला आणि त्यावर पेन्सिलीने काढलेली वर्तुळे.

या वर्तुळांवरून गाडीमालकाच्या घरात आठ दिवस वाद चालला होता.

घर जवळच्याच गावातले, बागायतदाराचे. आजोबांच्या उमेदीत दारात जीप होती. गूळ बाजारात न्यायचा, तर त्याच जीपला मागे ट्रेलर जोडून. पुढे ती भंगारात गेली. आता नातवाने हौसेने एक जुनी एमएम ५४० घेतली आणि तिच्यावर विलीजचा साज चढवायला काढला. साज चढला. अडले ते डॅशबोर्डपाशी. नातवाचे म्हणणे, "फोटोत आहे तसंच पायजे." मिस्त्रींचे म्हणणे, "फोटो बगायला चालतोय, गाडी चालवायला न्हाई."

हा वाद एका घरापुरता नाही. जुन्या जीप विकत घेऊन त्या मूळ रूपात आणण्याची हौस खेड्यापाड्यांतही दिसते. रंग, टायर, हूड यांवर पैसा ओतला जातो आणि डॅशबोर्ड शेवटी "कसाबसा" उरकला जातो. पण इंजिन चालकाशी जे काही बोलते, ते याच पत्र्यावरून. ते बोलणे ऐकू आले नाही, तर काय होते, हे पुढे सांगणारच आहोत.

जीपचे शेताशी नाते

आधी थोडा इतिहास. विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी महायुद्धात मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, विलीजने सीजे-२ए ही नागरी जीप बाजारात आणली. तिचे गिऱ्हाईक होते शेतकरी. मागे औजार ओढायला आकडा, यंत्र फिरवायला पीटीओची सोय. आपल्याकडे १९४७ पासून महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे तोच वंश एमएम ५४० पर्यंत आला. त्यामुळे जुन्या एमएम ५४० ला विलीजचे रूप देणे म्हणजे नातीला आजीचे लुगडे नेसवण्यासारखेच. शोभते, पण माप बघावे लागते.

युद्धातल्या विलीजचा डॅशबोर्ड अगदी साधा. सपाट उभा पत्रा. मधोमध वेगाचा मीटर, तोही ताशी ६० मैलांपर्यंतच. त्याच्याभोवती चार लहान मीटर : डिझेल नव्हे, पेट्रोल किती आहे ते सांगणारा, तेलाच्या दाबाचा, पाण्याच्या उष्णतेचा आणि अँपिअरचा. चोक आणि हँड ॲक्सिलेटर ओढायच्या मुठी. इंजिन सुरू करायचे बटन पायाशी.

नातवाला हेच हवे होते. पण मूळ जीप डाव्या हाताच्या स्टिअरिंगची, आपली उजव्या हाताची. मूळ इंजिन पेट्रोलचे, आपले २.१ लिटरचे प्यूजो डिझेल. मूळ गाडी ६ व्होल्टची, आपली १२ व्होल्टची. म्हणजे फोटो जसाच्या तसा उतरवला, तर चावी आणि मुठी भलत्याच हाताला येणार, डिझेलला लागणारे हीटरचे बटन आणि इंजिन बंद करायची ओढणी यांना जागाच उरणार नाही आणि हौसेने आणलेला ६ व्होल्टचा जुना इलेक्ट्रिक मीटर थेट १२ व्होल्टला जोडला, तर तो जळणार.

घाटातली गोष्ट

मिस्त्रींचा आग्रह उगाच नाही. मागे त्यांच्याकडेच अशी एक जीप झाली होती. मालकाला समोर फक्त वेगाचा मोठा मीटर हवा होता. बाकीचे लहान मीटर त्याने क्लीनरच्या बाजूला, पत्र्याच्या पार टोकाला बसवायला लावले. "मी बी मान डोलावली, ती माझी चूक," मिस्त्री म्हणतात.

तेलाच्या दाबाच्या मीटरकडे जाणारी बारीक नळी घाटात एका ठिकाणी पत्र्याला घासून फुटली. तेल बाहेर पडत राहिले, काटा खाली आला. पण तो काटा होता चालकापासून हातभर लांब, स्टिअरिंगच्या आणि शेजारी बसलेल्या पाहुण्याच्या गुडघ्याच्या आड. उष्णतेचा काटाही तिथेच. इंजिनाने ठोका दिला, तेव्हा मालकाला कळले. तोवर बेअरिंग चाटले होते आणि क्रँकवर चरे पडले होते.

"त्या कामाला जो पैसा गेला, त्यात ट्रॅक्टरचे मागचे दोन्ही टायर आले असते," मिस्त्री सांगतात. "काटा खोटं बोलला न्हवता. बोलत हुता, पर ऐकायला कुणी न्हवतं."

आधी डोळा

म्हणून मिस्त्रींनी आता नियमच केला आहे. पत्र्याला भोक पाडण्याआधी पुठ्ठा. आणि पुठ्ठ्यावर पेन्सिल टेकवण्याआधी, ज्याने गाडी चालवायची त्याला सीटवर बसवायचे. सीट त्याच्या सोयीने मागेपुढे करून, पट्टा लावून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून. मग पत्र्यावर स्टिअरिंगच्या आड काय जाते, त्याची रेघ मारायची. हा भाग मीटरसाठी बाद.

उरलेल्या जागेची वाटणी करताना एकच प्रश्न विचारायचा : कोणती गोष्ट उशिरा कळली, तर सगळ्यांत जास्त नुकसान?

तेलाचा दाब गेला, तर इंजिनाचे आयुष्य मिनिटांत मोजायचे. म्हणून तो पहिला. पाणी तापणे दुसरे. चार्जिंग बंद पडले, तर बॅटरी संपेपर्यंत थोडा अवधी मिळतो, ते तिसरे. डिझेल किती उरले, हे निघतानाही बघता येते, ते चौथे. वेगाचा मीटर मोठा असतो, तो थोडा बाजूला असला तरी दिसतो.

या हिशेबाने नातवाचा आणि मिस्त्रींचा मेळ बसला. मीटरांचा झुबका विलीजसारखा मधोमधच ठेवायचा, रूप बिघडवायचे नाही. मात्र झुबक्यातले तेलाचे आणि उष्णतेचे मीटर चालकाच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे घ्यायचे. डिझेलचा आणि चार्जिंगचा डावीकडे. शिवाय तेलाच्या दाबाचा एक लाल दिवा थेट चालकासमोर, स्टिअरिंगच्या वरच्या कमानीतून दिसेल असा. विझलेला असताना तो कुणाच्या लक्षातही येत नाही, पेटला तर नजर चुकवता येत नाही. दिव्याचा स्विच आणि मीटरचा सेन्सर इंजिनाच्या एकाच भोकावर टी-जोड बसवून दोन्ही जोडता येतात. एक फसला तर दुसरा सांगतो.

सगळे काटे उभे

आजोबा हे सगळे खाटेवर बसून ऐकत होते. त्यांचे डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे. आता ते गाडी चालवत नाहीत. त्यांना सहज विचारले, की तुमच्या वेळी मीटर वाचायचा कसा?

"वाचतोय कोन?" ते म्हणाले. "गूळ भरून निघालो की रस्ता बगायचा का आकडं? काटा कुठं असतोय, ते ठावं असायचं. तिथनं हलला की गाडी कडंला."

आजोबा जे अनुभवाने बोलले, ते शर्यतीच्या मोटारी आणि विमाने बांधणाऱ्यांनी फार पूर्वीच अमलात आणले आहे. गोल मीटर भोकात फिरवून असा बसवायचा, की इंजिन तापलेले आणि व्यवस्थित चालू असताना काटा सरळ वर, घड्याळातल्या बारावर यावा. आकडे तिरके झाले तर होऊ देत. मग चालकाला एकही आकडा वाचावा लागत नाही. काटे उभे असले, म्हणजे ठीक. एखादा कलला, म्हणजे काहीतरी बिनसले. डोळ्याच्या कोपऱ्यातूनही हे कळते. आजोबांसारख्या, बारीक आकडे न दिसणाऱ्या माणसाच्याही लक्षात येते.

अर्थात हे तेल, उष्णता आणि व्होल्ट यांच्या मीटरांनाच लागू. डिझेलचा काटा खाली येणारच असतो, तो सरळच बसवावा. आणि फिरवण्याचे काम पुठ्ठ्यावर नव्हे, तर गाडी अर्धा तास चालवून, काटा कुठे स्थिरावतो हे बघूनच करावे. मीटर मागच्या पट्टीने आवळलेला असतो. पट्टी सैल करून तो फिरवता येतो.

पत्र्यामागची गोष्ट

मीटर पुढून जितका देखणा, तितका मागून भानगडीचा. वायरिंग करणाऱ्या कारागिराने दाखवलेल्या काही गोष्टी नोंदवण्यासारख्या आहेत.

जुन्या धाटणीच्या अँपिअर मीटरमधून जवळजवळ सगळ्या गाडीचा करंट जातो. त्याला जाड वायर लागते, थिंबल घट्ट दाबलेले लागते, आणि नट सैल झाला तर मागे ठिणगी ठरलेली. म्हणून त्याऐवजी त्याच रूपाचा व्होल्टमीटर बसवणे शहाणपणाचे. त्यातून नावापुरताच करंट जातो. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान काटा असला, म्हणजे चार्जिंग ठीक.

डिझेलचा मीटर आणि टाकीतला फ्लोट जोडीनेच घ्यावा. काही फ्लोट टाकी रिकामी असताना जास्त रोध दाखवतात, काही कमी. एकाचा मीटर आणि दुसऱ्याचा फ्लोट असा संसार मांडला, की टाकी भरल्यावर काटा रिकाम्यावर जातो. "असं बी एक गिऱ्हाईक आलं हुतं," कारागीर हसून म्हणाला. "त्यानं भरल्या टाकीनं गाडी ढकलत आणली."

उष्णतेचा जुना मीटर बारीक नळीचा असतो. ती नळी कापता येत नाही की वाढवता येत नाही. कापली, तर आतला द्रव जातो आणि मीटर निकामी. म्हणून मीटरची जागा ठरवताना नळी तिथवर पोहोचते का, हे आधी बघावे. वेगाच्या मीटरच्या केबलचेही तसेच. तिला मागे मोठे वळण मिळाले पाहिजे, कोन पडला तर काटा थरथरतो आणि केबल तुटते. टायर मोठे टाकले असतील, तर मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. किलोमीटरच्या दगडांवरून दहा किलोमीटर चालवून पडताळावे. आणि मैलांचा मीटर कितीही देखणा असला, तरी रस्त्यावरच्या पाट्या किलोमीटरच्या आहेत, हे विसरू नये.

चार्जिंगच्या लाल दिव्याबद्दलही एक सूचना. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो. हौसेने तिथे बारीक एलईडी लावला, तर अल्टरनेटर चार्ज करायला उठतच नाही. तिथे साधा बल्बच ठेवावा, किंवा एलईडीला जोडून योग्य रोध द्यावा.

मग हात

डोळ्याचे काम झाले, की हाताचे. नातवाने पितळी टोपीची आठ बटने आणली होती, सगळी एकसारखी. एका ओळीत लावली, तर दिसतात झकास. पण रात्री, पावसात, समोरून उसाची ट्रॉली आलेली असताना वायपरचे बटन कोणते, हे ओळीत मोजत बसायचे का?

याच चुकीचा धडा जीपच्याच काळात विमानदलाला मिळाला होता. अमेरिकेच्या बी-१७ विमानात चाके उचलायचा आणि पंखांचे फ्लॅप हलवायचा असे दोन स्विच शेजारी-शेजारी आणि सारखेच होते. विमान सुखरूप उतरवल्यावर वैमानिक फ्लॅपऐवजी चाके उचलत आणि विमान पोटावर बसे. अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने १९४३ च्या सुमारास यावर उपाय काढला, तो अगदी साधा. चाकांच्या स्विचला चाकाच्या आकाराची मूठ आणि फ्लॅपच्या स्विचला पाचरीच्या आकाराची. दोष माणसाचा नव्हता, मांडणीचा होता.

मिस्त्रींनी चॅपॅनिसचे नाव ऐकलेले नाही, पण त्यांची पद्धत तीच. अचानक लागणारी बटने, म्हणजे मोठे दिवे, वायपर आणि धोक्याचे चारी दिवे, चालकाच्या हाताशी आणि प्रत्येकाचे टोक वेगळे : एक गोल, एक चपटे, एक ओढायचे. हॉर्न स्टिअरिंगवरच. जादा दिव्यांची वगैरे बटने डावीकडे, एका ओळीत. हीटरचे बटन आणि बंद करायची ओढणी चावीशेजारी, कारण ती गाडी उभी असतानाच लागतात. गुडघ्याच्या रेषेत बाहेर आलेले लोखंडी टोक कुठेही नको. धडक बसली, तर तेच आधी लागते.

हेडलाइट थेट बटनावर जोडू नयेत. ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे १२० वॅट, १२ व्होल्टला दहा अँपिअर. हौसेचे बारीक बटन त्याने तापून वितळते. मध्ये रिले घालावा, म्हणजे बटनावर भार येत नाही. प्रत्येक गटाला वेगळा फ्यूज द्यावा. एका दिव्याची वायर घासली म्हणून सगळी गाडी अंधारात जायला नको. जीप उघडी असते. धूळ आणि पाऊस आत येणारच. बटनांना रबरी टोप्या घालाव्यात. आणि सगळा पत्रा चार स्क्रूंवर पुढे काढता येईल असा ठेवून मागे वायर हातभर सैल सोडावी. उद्या दुरुस्तीला उताणे पडून हात घालायची पाळी येत नाही.

कागदपत्रांचेही बघा

डॅशबोर्डचे मीटर बदलणे वेगळे आणि गाडीच बदलणे वेगळे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत असे बदल करता येत नाहीत. इंजिन, चासी, बांधणी यांना हात लावण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे. आणखी एक गैरसमज दिसतो. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण ती मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना. नव्याने विलीजसारखी दिसणारी गाडी त्यात बसत नाही. ती कागदावर जी आहे तीच राहते.

पुठ्ठ्याचे आठ दिवस

मिस्त्री पुठ्ठा आठ दिवस काढू देत नाहीत. मीटरच्या मापाची वर्तुळे, लहानांची ५२ मिलिमीटरची, कापून चिकटवायची, बटनांच्या जागी बाटल्यांची झाकणे लावायची आणि रोज सीटवर बसून बघायचे. दिवसा बसायचे, रात्री बसायचे, पावसाळी जाकीट घालून बसायचे. हात जिथे आपणहून जातो, तिथे झाकण सरकवायचे. "पुठ्ठ्याला भोक चुकलं तर दुसरा पुठ्ठा. पत्र्याला चुकलं तर वेल्डिंग, लांबी आन् परत रंग," हा त्यांचा हिशेब.

आम्ही निघायच्या वेळी पुठ्ठ्याची शेवटची परीक्षा चालली होती. नातवाने आजोबांना हाताला धरून सीटवर बसवले.

"आज्जा, डोळं मिटा. आता रात झालीया, लाइट लावा."

आजोबांनी डोळे मिटले. उजवा हात स्टिअरिंगवरून सुटला, खाली गेला आणि झाकणाच्या दोन बोटे पलीकडे, कोऱ्या पुठ्ठ्यावर टेकला. नातू हसला. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, आजोबांचे बोट जिथे टेकले होते तिथे फुली मारली आणि झाकण उचलून तिथे चिकटवले.

दुसऱ्या दिवशी पत्र्याला भोके पडली.